लॉटरीची जाहिरात सचोटीने करायची तर नेमकं काय काय तपासायचं?

मथळेकर:

लॉटरीच्या जाहिरातींचा विषय निघाला की बोलणं दोन टोकांना जातं. एक बाजू म्हणते, जाहिरातच नको. दुसरी म्हणते, खाली 'जबाबदारीने खेळा' एवढं छापलं की झालं. मधला जो कामाचा भाग, तो राहूनच जातो: मजकूर समोर आल्यावर कुठला शब्द काढायचा, आकडा कसा लिहायचा, चित्रात कोण चालेल, कुठे आणि कधी जाहिरात लावायचीच नाही. त्यासाठी हा धागा. जाणकारांनी आपापल्या भागाची भर घालावी.

मुळापासून सुरुवात करतो. तिकिटांचे पैसे एकत्र येतात. त्यातला एक हिस्सा बक्षिसांत जातो, उरलेला चालवण्याच्या खर्चात, विक्रेत्याच्या कमिशनमध्ये आणि ज्या कामासाठी लॉटरी काढली त्यात. म्हणजे सगळे खेळणारे मिळून जेवढं घालतात त्याहून कमीच त्यांच्याकडे परत येतं. यात लबाडी नाही, रचनाच तशी आहे. पण जाहिरातीची हद्द यातूनच ठरते. तिकीट करमणुकीचा खर्च म्हणून विकता येतं. कमाई, बचत, गुंतवणूक, कर्जफेड किंवा नोकरीला पर्याय म्हणून विकलं की जाहिरात खोटी झाली, मग तिच्यातलं एकेक वाक्य सुटं वाचल्यावर खरं का असेना.

४९ पैकी ६ आकडे निवडायच्या खेळाचा फलक समजा असा आहे: 'आता आयुष्य बदला! ५० कोटींचा जॅकपॉट! दर ५४ तिकिटांमागे एक विजेता! आज रात्री शेवटची संधी!'

एकेक तुकडा घेऊ. 'आयुष्य बदला' हे सरळ आश्वासन आहे, आणि ते सगळ्यात जास्त पटतं ज्याचं सध्याचं आयुष्य अडचणीत आहे त्याला. पैशाच्या अडचणीवरचा उपाय म्हणून लॉटरी दाखवायची नाही, हा ब्रिटनच्या जाहिरात संहितेतलाही स्पष्ट नियम आहे. 'स्वप्न पाहा' म्हणणं वेगळं आणि 'बदला' म्हणणं वेगळं. पहिल्यात कल्पना आहे, दुसऱ्यात क्रियापदच व्यवहाराचं आहे.

'५० कोटी' या एका आकड्यात चार प्रश्न दडलेत. रक्कम हमीची की अंदाजे? एकरकमी की हप्त्यांनी? एकट्याला की विजेत्यांत वाटून? कराआधीची की नंतरची? चारही उत्तरं फलकावर मावणार नाहीत हे मान्य. पण 'अंदाजे' आणि 'वाटून' हे दोन शब्द कुठल्याही फलकावर मावतात.

'दर ५४ तिकिटांमागे एक विजेता' हा सगळ्यात धूर्त तुकडा, कारण गणित बरोबर आहे. तीन किंवा जास्त आकडे जुळण्याची शक्यता खरंच ५३.६६ मध्ये एक आहे. पण हे 'विजेते' १०० धरले तर त्यातले जवळपास ९५ जण फक्त तीन आकडे जुळवणारे, म्हणजे सगळ्यात छोट्या बक्षिसाचे. ५० कोटींच्या खालीच ५४ हा आकडा लिहिला की वाचणाऱ्याच्या मनात दोन्हींची सांगड बसते, आणि ती बसावी म्हणूनच तो तिथे लिहिलेला असतो.

'शेवटची संधी' निव्वळ खोटं. दोन-तीन दिवसांनी पुढची सोडत असतेच.

माझा सुधारलेला मजकूर: 'शनिवारची सोडत. जॅकपॉट अंदाजे ५० कोटी, विजेते अनेक असल्यास वाटून. सहाही आकडे जुळण्याची शक्यता: एका तिकिटाला १,३९,८३,८१६ मध्ये एक. १८ वर्षांखालील व्यक्तींना विक्री नाही.' यात सोडत कधी, किती रकमेची, कोणासाठी आणि शक्यता किती, हे सगळं आलं. एवढ्या माहितीवर ज्याला तिकीट घ्यायचंय त्याने खुशाल घ्यावं.

त्रैराशिक:

धागा आवडला. शक्यतेच्या भागात भर घालतो, कारण तिथे हेतू चांगला असूनही चुका होतात.

४९ मधून ६ निवडण्याच्या एकूण १,३९,८३,८१६ जुळण्या होतात. त्यातल्या ६०,९६,४५४ मध्ये एकही आकडा जुळत नाही, ५७,७५,५८८ मध्ये एक आणि १८,५१,१५० मध्ये दोन. तीन जुळणाऱ्या २,४६,८२०, चार जुळणाऱ्या १३,५४५, पाच जुळणाऱ्या २५८ आणि सहाही जुळणारी एकच. बक्षीस तीनपासून सुरू होत असेल तर १०० पैकी ९८ हून जास्त तिकिटं रिकामी जातात. शक्यता सांगायची तर ही अशी, एकाच छेदावर सांगावी. एका बक्षिसाला '५७ मध्ये एक', दुसऱ्याला '१,०३२ मध्ये एक', तिसऱ्याला '१.४ कोटीत एक' असं लिहिलं की वाचणारा पहिला आकडा लक्षात ठेवतो आणि बाकीचे त्याच्या आसपासचे समजतो.

'दुप्पट संधी' हा शब्दप्रयोग काढूनच टाका. दोन तिकिटं घेतली की शक्यता १,३९,८३,८१६ मध्ये एकवरून ६९,९१,९०८ मध्ये एकवर येते. दुप्पट झाली हे खरं, पण जवळपास शून्याची दुप्पट जवळपास शून्यच. मूळ शक्यता शेजारी लिहिल्याशिवाय 'दुप्पट', 'तिप्पट' हे शब्द वापरायचे नाहीत असा नियमच करावा.

शक्यता काळात मांडणं लोकांना पटकन कळतं: आठवड्याला दोन तिकिटं, म्हणजे वर्षाला १०४, या हिशोबाने जॅकपॉटला सरासरी सुमारे १,३४,४६० वर्षं लागतील. पण हे लिहिताना एक खबरदारी. काही वाचक त्याचा अर्थ 'तेवढ्या काळात नक्की लागेल' असा घेतात. तसं नाही. प्रत्येक सोडतीला एक याप्रमाणे १,३९,८३,८१६ सोडती खेळल्या तरी एकदा तरी जॅकपॉट लागण्याची शक्यता सुमारे ६३ टक्केच राहते, कारण प्रत्येक सोडत आधीच्यांपासून स्वतंत्र असते. म्हणून 'सरासरी' हा शब्द गाळू नये.

आणखी एक. खेळाची रचना बदलली की जुने आकडे सगळीकडून काढावे लागतात. ब्रिटनच्या राष्ट्रीय लॉटरीत ऑक्टोबर २०१५ मध्ये ४९ ऐवजी ५९ आकडे झाले आणि जॅकपॉटची शक्यता एकदम ४,५०,५७,४७४ मध्ये एक झाली. निवडायचे आकडे सहाचे सहाच, खेळाचं नाव तेच, आणि शक्यता तिपटीहून जास्त दुरावली. अशा वेळी दुकानातली पत्रकं, वेबसाइटवरचे जुने लेख, ॲपमधली मदत, विक्रेत्याच्या काउंटरवरचे स्टिकर यांची यादी आधीच हाताशी नसेल तर कुठेतरी जुना आकडा राहतोच, आणि तो राहिला की ती चुकीची जाहिरात ठरते.

काटेकोर:

जॅकपॉटच्या आकड्याबद्दल मथळेकरांनी चार प्रश्न काढले. त्यांचं वजन कळायला एक खरं उदाहरण पुरेसं आहे. १३ जानेवारी २०१६ च्या अमेरिकेतल्या पॉवरबॉल सोडतीचा जॅकपॉट १५८.६ कोटी डॉलर म्हणून जाहीर झाला होता. ही ३० हप्त्यांची बेरीज. एकरकमी रक्कम ९८.३५ कोटी डॉलर होती, म्हणजे जाहीर आकड्याच्या साधारण ६२ टक्के. जिंकणारी तिकिटं तीन निघाली, कॅलिफोर्निया, फ्लोरिडा आणि टेनेसीत. एका तिकिटाच्या वाट्याला एकरकमी सुमारे ३२.८ कोटी. जाहीर आकड्याचा जेमतेम पाचवा हिस्सा, आणि तोही कर कापण्याआधी.

हप्त्यांचा पर्याय घेतला तरी चित्र आकड्याइतकं सरळ नाही. प्रत्येक हप्ता आधीच्यापेक्षा ५ टक्क्यांनी मोठा असतो, त्यामुळे पहिला हप्ता जाहीर रकमेच्या दीड टक्क्याच्या आसपास येतो आणि शेवटचा ६ टक्क्यांच्या थोडा वर. १०० म्हणून सांगितलेल्या रकमेतले पहिल्या वर्षी दीड हातात. हे न सांगता नुसता १०० चा आकडा लावणं मला फसवणुकीच्या फार जवळचं वाटतं.

याच सोडतीच्या वेळी रस्त्यावरचे जॅकपॉट दाखवणारे फलक '९९९ मिलियन'वर अडकले होते, कारण त्यात चौथ्या अंकाला जागाच नव्हती. फलकाची सगळी रचना एका आकड्याभोवती कशी केलेली असते ते यातून दिसतं. 'एकरकमी इतके' ही दुसरी ओळ फलक बनवतानाच आखून ठेवली पाहिजे. नंतर चिकटवायला गेलात तर ती तळाशी मुंगीच्या अक्षरात जाते.

वाटणीचंही जुनं उदाहरण आहे. १४ जानेवारी १९९५ ला ब्रिटनच्या सोडतीत १३३ तिकिटांना जॅकपॉट लागला. एकूण १.६ कोटी पौंडांहून जास्त होता, प्रत्येकाला १,२२,५१० पौंड मिळाले. रक्कम लहान नाही, पण 'कोट्यधीश' म्हणून जे विकलं होतं ते हे नव्हे.

शाईपेन:

वाचनखूण साठवली. चित्रांबद्दल लिहिते.

पहिली गोष्ट, 'थोडक्यात हुकलं' दाखवायचं नाही. सोडतीतले सहापैकी पाच आकड्यांचे चेंडू जुळलेले आणि सहावा कडेवर डुगडुगतोय, असं ॲनिमेशन फार सोपं आणि फार परिणामकारक असतं. पाच आकडे जुळणं ही स्वतःच सुमारे ५४,२०० मध्ये एक अशी गोष्ट आहे, पण त्या चित्राने ती रोजची वाटायला लागते आणि 'पुढच्या वेळी' ही भावना तयार होते. चेंडूंना स्मरणशक्ती नसते. त्याच कारणाने 'बरेच दिवस न आलेले आकडे', 'सध्या जोरात असलेले आकडे' असली सदरं जाहिरातीत किंवा ॲपच्या पहिल्या पानावर नकोत. आधीच्या निकालांची नोंद द्यायला हरकत नाही, पण तिच्याखाली खरेदीचं बटण असेल तर ती नोंद राहत नाही, सल्ला होतो.

वाढदिवसाचे किंवा शुभ आकडे सुचवणं त्याहून वाईट. जिंकण्याची शक्यता त्याने तसूभरही वाढत नाही, उलट अनेकांनी तेच आकडे घेतले तर जॅकपॉटची वाटणी वाढते. मार्च २००५ मध्ये पॉवरबॉलचं दुसरं बक्षीस एकाच सोडतीत ११० जणांना लागलं होतं, कारण त्यांनी फॉर्च्युन कुकीमधल्या (आत भविष्याची चिठ्ठी असलेल्या बिस्किटातल्या) चिठ्ठीवर छापलेले आकडे लावले होते. ते बक्षीस ठरावीक रकमेचं होतं म्हणून प्रत्येकाला पूर्ण मिळालं. जॅकपॉट असता तर ११० ठिकाणी विभागला गेला असता.

विजेत्यांच्या फोटोंबद्दल. खरा विजेता दाखवणं खोटं नाही, पण जाहिरातीत फक्त विजेतेच दिसतात आणि डोक्यात तेच राहतात. म्हणून मर्यादा: बक्षीस कोणत्या पातळीचं, सोडत कोणत्या तारखेची, एवढं लिहा. 'कर्ज फिटलं', 'नोकरी सोडली', 'मुलीचं लग्न थाटात झालं' हे विजेत्याच्या तोंडचं खरं वाक्य असलं तरी जाहिरातीत घेऊ नका, कारण तिथे आलं की ते उपायाचं आश्वासन बनतं. संमती बक्षिसाच्या दावा-अर्जातच उरकू नये. वेगळा कागद, वेगळा दिवस, वापराची मुदत लिहिलेली, आणि संमती मागे घेतली तर किती दिवसांत फोटो काढणार हेही लिहिलेलं. पैसे अजून हातात पडायचे असताना समोर आलेल्या कागदावर माणूस कशालाही हो म्हणतो.

वयाबद्दल ब्रिटनची संहिता उपयोगी आहे: जाहिरातीत ठळकपणे खेळताना दिसणारी व्यक्ती २५ च्या आतली नको, आणि तशी वाटतही नको. १ ऑक्टोबर २०२२ पासून तिथे नियम आणखी कडक झाला. आधी 'मोठ्यांपेक्षा मुलांना जास्त आवडेल असं' चालत नव्हतं, आता मुलांना जोरदार आवडेल असं काहीच चालत नाही, मोठ्यांनाही तितकंच आवडत असलं तरी. मुलांच्या गळ्यातला ताईत असलेले खेळाडू आणि इन्फ्लुएन्सर त्यामुळेच बाद होतात. स्क्रॅच कार्डावरचं गोंडस कार्टून हा प्रकार मला जाहिरातीइतकाच गंभीर वाटतो, कारण दुकानात कार्ड स्वतःच जाहिरात असतं.

निळाई:

डिजिटल आणि एसएमएस. सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, आणि ते बहुतेक वेळा निष्काळजीपणाने.

ज्यांनी स्वतःहून खेळबंदी घेतली आहे, म्हणजे 'मला खेळू देऊ नका' असं कंपनीला कळवलं आहे, त्यांची यादी प्रत्येक मोहिमेतून वगळायची, हे सगळ्यांना माहीत असतं. चुकतं ते असं: एजन्सीला यादी सोमवारी पाठवली, मोहीम गुरुवारी सुटली, आणि मंगळवारी खेळबंदी घेतलेल्या माणसाला जॅकपॉटचा एसएमएस गेला. त्याच्यासाठी तो एक मेसेज महिन्याभराच्या मेहनतीवर पाणी फिरवू शकतो. उपाय एकच, मेसेज पाठवायच्या क्षणी यादी तपासायची. मोहीम सुटण्याआधी शेवटची पायरी म्हणून आपल्याच यंत्रणेतून प्रत्येक क्रमांक गाळून घ्यायचा, एजन्सीकडे जुनी प्रत ठेवायचीच नाही. एकाच माणसाचे दोन क्रमांक आणि तीन ईमेल असतात, म्हणून जुळवणी फक्त क्रमांकावर नको. नाव, जन्मतारीख आणि पत्ता मिळून करावी.

दुसरी चूक डोळ्यांना दिसतच नाही. वेबसाइटच्या प्रत्येक पानावर पाठपुराव्याच्या जाहिरातींचा कोड आपोआप बसवलेला असतो. 'मदत हवी आहे' आणि 'खेळबंदी घ्या' या पानांवरही. मग मदत शोधायला आलेला माणूस बाहेर पडला की पुढचे १५ दिवस त्याला लॉटरीच्याच जाहिराती दिसत राहतात. तपासायला सोपं आहे: ती दोन पानं उघडा, ब्राउझरमध्ये कोणकोणत्या बाहेरच्या सर्व्हरला विनंत्या जातात ते पाहा. जाहिरात कंपन्यांचं एकही नाव तिथे दिसता कामा नये. दर वेळी वेबसाइट अद्ययावत झाली की हे पुन्हा तपासा, कारण टॅग व्यवस्थापक, म्हणजे असे कोड पानांवर बसवणारं सॉफ्टवेअर, 'सर्व पाने' या नियमावर परत जातो.

तिसरी गोष्ट, ऑनलाइन जाहिरात यंत्रणेतला 'सर्वाधिक खर्च करणाऱ्या ग्राहकांसारखे लोक शोधा' हा पर्याय वापरू नका. खेळ हाताबाहेर गेलेले लोक त्या वरच्या खर्चाच्या गटात हमखास असतात, आणि यंत्र इमानदारीने त्यांच्यासारखेच आणखी शोधून आणतं. नमुना घ्यायचाच असेल तर अधूनमधून, ठरावीक आणि लहान खर्च करणाऱ्यांचा घ्या. हरल्यानंतर लगेच नोटिफिकेशन नको, मध्यरात्री नको, पगाराच्या तारखा हेरून नको. वस्ती निवडून फलक लावताना उत्पन्न कमी असलेले भाग 'प्रतिसाद चांगला' म्हणून निवडले जात असतील तर मीडिया प्लॅन तिथेच परत पाठवा.

माध्यम निवडताना ब्रिटनमध्ये २५ टक्क्यांची कसोटी आहे: ज्या माध्यमाच्या प्रेक्षकांत १८ खालचे २५ टक्क्यांहून जास्त, तिथे जाहिरात नाही. माझं मत, ही कसोटी एकटी पुरत नाही. प्रेक्षकसंख्या प्रचंड असेल तर २० टक्के म्हणजेही खूप मुलं. टक्केवारीबरोबर मुलांची प्रत्यक्ष संख्याही पाहावी.

सडेतोड:

एवढं सगळं वाचून प्रश्न पडतो की जाहिरात हवीच कशाला. खरोखर विचारतोय. वस्तूचा स्वभावच असा आहे की जितकी जास्त विक्री तितकं जास्त नुकसान काहींच्या वाट्याला येणार. सोडतीची तारीख, निकाल आणि बक्षीस घेऊन जायची मुदत एवढीच माहिती प्रसिद्ध करा, बाकी बंद.

मथळेकर:

सडेतोड, प्रश्न रास्त आहे. तुम्ही म्हणता ती माहिती कायम राहिलीच पाहिजे. बक्षीस न्यायची मुदत तर जाहिरातीत जितक्या वेळा सांगाल तितकी कमीच. बाकीच्या जाहिरातीच्या बाजूने एक मुद्दा मला पटतो: कायदेशीर खेळ पूर्ण अदृश्य झाला की बेकायदा खेळांना मोकळं रान मिळतं, आणि तिथे ना वयाची अट, ना खेळबंदी. पण हा मुद्दा 'खेळ उपलब्ध आहे' एवढं सांगण्यापुरताच लागू होतो. 'आजच घ्या, आणखी घ्या' असं म्हणायची परवानगी त्यातून मिळत नाही. जॅकपॉट कोणालाच न लागता सोडतीमागून सोडत पुढे जात मोठा झाला की लोक आपण होऊनच येतात, तेव्हा जाहिरातीचं बजेट वाढवण्याऐवजी कमी करावं, या मताचा मी आहे.

सडेतोड:

शेवटच्या वाक्याशी सहमत. बाकीचं अजून पटलेलं नाही.

पाटीवाला:

दुकानातल्या जाहिरातीकडे कोणी पाहत नाही, म्हणून लिहितो. 'इथे जॅकपॉट लागला!' ही पाटी. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यातल्या विक्रीवर २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की मोठं बक्षीस विकलेल्या दुकानाची त्या खेळाची विक्री पुढच्या आठवड्यात तुलनेने १२ ते ३८ टक्के वाढते. पुढच्या सोडतीत त्या दुकानाच्या तिकिटाची शक्यता मात्र इतर कुठल्याही तिकिटाइतकीच असते. जिथे तिकिटं जास्त विकली जातात तिथे बक्षिसंही जास्त लागतात, एवढंच त्यामागचं कारण. म्हणून अशी पाटी कंपनीने छापून देऊ नये. विक्रेत्याने स्वतः लावली तर निदान 'लकी', 'नशीबवान' असे शब्द काढायला लावावेत.

पाटीची जागाही महत्त्वाची. मुलांच्या नजरेच्या उंचीवर नको, गोळ्या-चॉकलेटच्या शेजारी नको. वयाची अट काउंटरवर ग्राहकाच्या समोर हवी, विक्रेत्याच्या पाठीमागच्या भिंतीवर नको.

स्क्रॅच कार्डात एक वेगळीच भानगड होते. एका मालिकेत पहिल्या क्रमांकाची, म्हणजे सगळ्यात मोठी, बक्षिसं मोजकी छापलेली असतात. त्यातलं शेवटचं कोणीतरी नेलं, तरी हजारो कार्डं दुकानांत उरलेली असतात आणि फलकावर ते बक्षीस झळकतच असतं. आता मिळूच न शकणाऱ्या गोष्टीची ती जाहिरात होते. उपाय: दावा झालेल्या मोठ्या बक्षिसांची नोंद रोज मार्केटिंगकडे जायला हवी, उरलेली मोठी बक्षिसं किती हे वेबसाइटवर रोज दिसायला हवं, आणि शेवटचं गेलं की त्याच दिवशी जाहिरात थांबवून कार्डं परत मागवायला सुरुवात. शेवटच्या बक्षिसाची वाट न पाहता एक उरलं असतानाच मोहीम थांबवावी हे जास्त बरं, कारण परत मागवायला वेळ लागतो.

सणासुदीला 'भेट द्या' अशा जाहिराती येतात, त्याबद्दलही. अमेरिकेतली नॅशनल कौन्सिल ऑन प्रॉब्लेम गॅम्बलिंग (जुगाराच्या समस्येवर काम करणारी संस्था) आणि कॅनडातलं मॅकगिल विद्यापीठ यांनी मिळून चालवलेल्या मोहिमेत अनेक लॉटऱ्या दर डिसेंबरला सांगतात की तिकीट मुलांना भेट देऊ नका. भेटवस्तूची जाहिरात करायचीच असेल तर हे वाक्य त्याच जाहिरातीत, त्याच आकाराच्या अक्षरात हवं.

शाईपेन:

पाटीवाला, स्क्रॅच कार्डाचा मुद्दा फार महत्त्वाचा. 'पहिलं बक्षीस' जाहिरातीत लिहायचं असेल तर शेजारी 'या तारखेला इतकी शिल्लक' हेही लिहायला लावलं पाहिजे. छापील फलकावर ते जमत नसेल तर बक्षीसही लिहू नये.

काटेकोर:

तपासणीची साखळी कशी असावी ते लिहितो. वर्ल्ड लॉटरी असोसिएशन या लॉटरी संस्थांच्या जागतिक संघटनेच्या जबाबदार खेळाच्या चौकटीत दहा भाग आहेत, जाहिरात आणि विपणन त्यातला एक, आणि प्रमाणपत्राच्या चार पातळ्या आहेत. चौकट चांगली आहे, पण प्रमाणपत्र संस्थेच्या कार्यपद्धतीला मिळतं. उद्याच्या फलकावरची ओळ कोणीतरी माणसानेच वाचावी लागते.

मजकूर तयार झाला की आधी आकडे तपासणारा माणूस. त्याने प्रत्येक आकड्याशेजारी तो कुठून आला ते लिहून सही करायची. मग कायदा. मग एक असा माणूस ज्याचा पगार किंवा बढती विक्रीवर अवलंबून नाही, आणि ज्याच्या 'नाही'ला खरंच 'नाही' इतकं वजन आहे. हा तिसरा माणूस नसेल तर बाकी दोन सह्या कागदावरच राहतात.

त्यानंतर समजुतीची चाचणी, जी बहुतेक ठिकाणी वगळली जाते. १०-१२ जण घ्या, काही कधीमधी खेळणारे, काही कधीच न खेळलेले. फलक ५ सेकंद दाखवा, बाजूला करा, आणि तीन गोष्टी विचारा: बक्षीस किती, ते एकट्याला मिळेल का, आणि मिळण्याची शक्यता साधारण किती. तिसऱ्या प्रश्नाला 'हजारात एक' अशी उत्तरं यायला लागली तर मजकूर खरा असूनही जाहिरात खोटी बोलतेय. पुन्हा लिहा. 'आवडली का?' हे विचारू नका, त्याचं उत्तर इथे उपयोगाचं नाही.

प्रत्येक जाहिरातीची अंतिम प्रत, चालल्याच्या तारखा, माध्यमं, चाचणीची उत्तरं आणि सह्या एका ठिकाणी ठेवा. तक्रार आल्यावर 'तो मजकूर आता उपलब्ध नाही' असं सांगायची वेळ येऊ नये.

त्रैराशिक:

चाचणीत एक चौथा प्रश्न घाला: 'यातले किती पैसे सत्कार्याला जातात असं वाटलं?' शाळा, मैदानं, दवाखाने दाखवणाऱ्या जाहिरातींत लोक हा वाटा हमखास फुगवून सांगतात. खरा टक्का लिहा. आणि 'हरलात तरी दान झालं' हा सूर नको. दान करायचं असेल तर थेट दिलेल्या पैशातला फार मोठा भाग पोहोचतो, तिकिटातला एक हिस्साच. ब्रिटनच्या संहितेत फक्त सत्कार्य दाखवणाऱ्या आणि खरेदीचं आवाहन नसलेल्या जाहिरातीत मुलं दाखवायला मुभा आहे. ही विभागणी मला योग्य वाटते: एकतर काम दाखवा, नाहीतर तिकीट विका, दोन्ही एका चौकटीत नको.

निळाई:

'जबाबदारीने खेळा' या ओळीबद्दल. ती एकटी जवळपास निरुपयोगी आहे, कारण काय करायचं ते ती सांगत नाही. तिच्या जागी करता येईल अशी गोष्ट लिहा: 'ॲपमध्ये आठवड्याची खर्चमर्यादा इथे लावा', 'खेळ थांबवणं जड जात असेल तर या क्रमांकावर बोला'. बटण त्या ओळीतच हवं, तीन पानं आत नको. टीव्हीवर ही ओळ किती वेळ ठेवायची? माणसाने सावकाश मोठ्याने वाचून पाहावी, हातात स्टॉपवॉच. जेवढे सेकंद लागतील त्याहून एकही सेकंद कमी नको. पांढऱ्यावर करड्या रंगात नको, आणि सोनेरी नाण्यांचा पाऊस चालू असताना तर नकोच, डोळा नाण्यांकडेच जातो.

कानोसा:

उत्तम धागा. एक व्यवहारातला प्रश्न. रेडिओच्या २० सेकंदांत हे सगळं बसवायचं कसं? तळटीप नाही, चित्र नाही. शेवटचे चार सेकंद अटी भरभर वाचून दाखवायची पद्धत आहे, त्यातलं अक्षर कळत नाही.

मथळेकर:

कानोसा, भरभर वाचलेल्या अटी म्हणजे न वाचलेल्या अटी. २० सेकंदांत सावकाश ४५ च्या आसपास शब्द बसतात. संगीताला आणि जोशपूर्ण आवाजाला दिलेली जागा काढून घेतली की पुरतात. हे वाचून पाहा:

'शनिवारी रात्री सहा आकड्यांची सोडत. जॅकपॉट अंदाजे पन्नास कोटी, विजेते अनेक असल्यास वाटून. सहाही आकडे जुळण्याची शक्यता सुमारे एक कोटी चाळीस लाखांत एक. तिकीट फक्त अठरा वर्षांवरील व्यक्तींना. खेळ थांबवणं जड जातंय? बोला या क्रमांकावर.'

आणि पुढे मदतीचा क्रमांक, एकेक अंक सुटा. चार-पाच अंकी क्रमांक असेल तर त्याला ३ सेकंद लागतात. दहा अंकी असेल तर तो २० सेकंदांत बसणार नाही, त्यामुळे छोटा क्रमांक आधी मिळवून ठेवावा लागेल. रेडिओवर पूर्ण १,३९,८३,८१६ वाचू नका, ऐकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. 'सुमारे एक कोटी चाळीस लाखांत एक' कानाला एकदाच ऐकून कळतं.

कानोसा:

मोठ्याने वाचून पाहिलं. क्रमांकासकट १९ सेकंद झाले. 'वाटून'नंतर अर्धा श्वास थांबायला हवं, नाहीतर तो शब्द पुढच्या वाक्यात मिसळतो. निवेदकाच्या प्रतीत तिथे उभी रेघ मारावी.